निवारा केंद्रावरचं फिरतं एसटीपी चौथ्या दिवशी काळं पाणी का सोडतं?

चिपळूण असो, खेड, महाड की राजापूर. पूर ओसरल्यावरची तक्रार सगळीकडे एकच असते. शाळेत किंवा मंगल कार्यालयात निवारा केंद्र सुरू होतं. ट्रकवरून फिरतं सांडपाणी शुद्धीकरण युनिट (एसटीपी) येतं, एका दिवसात जोडलं जातं. दोन दिवस बाहेर पडणारं पाणी बऱ्यापैकी नितळ दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते राखाडी होतं, मग काळं पडतं आणि कुजक्या अंड्याचा वास वर्गखोल्यांपर्यंत पोचतो. कुणीतरी ‘कल्चर’ची (तयार जीवाणूंची) पिशवी ओततं, कुणीतरी ब्लोअर (टाकीत हवा सोडायचं यंत्र) खोलतं. एक दिवस बरं वाटतं आणि परत तेच.

बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं. ज्या जीवाणूंच्या भरवशावर ते चालतं ते अजून तयारच झालेले नसतात, किंवा तयार होत असताना आपणच त्यांना बुडवतो, गुदमरवतो नाहीतर फिनेल पाजतो. त्यामुळे हातात पाना घेण्याआधी थोडा हिशेब करावा लागतो.

पहिल्या दोन दिवसांचं नितळ पाणी

युनिट बसवताना गळती तपासायला आणि टाक्या जागच्या हलू नयेत म्हणून त्या साध्या पाण्याने भरतात. नंतर आत येणारं सांडपाणी तेच साधं पाणी पुढे ढकलतं. म्हणजे पहिल्या दिवशी बाहेर येतं ते टँकरचं पाणी, दुसऱ्या दिवशी टँकरचं आणि सांडपाण्याचं मिश्रण, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरं सांडपाणी. चौथ्या दिवशी यंत्र बिघडतं असं नाही, चौथ्या दिवशी खरी परिस्थिती दिसायला लागते. पहिल्या दिवशीचा नमुना बाटलीत भरून ‘युनिट सुरू झालं’ असा अहवाल पाठवणं निरर्थक आहे.

लिटर मोजू नका, माणसं मोजा

युनिटच्या पाटीवर ‘दहा हजार लिटर प्रतिदिन’ लिहिलेलं असतं. केंद्रात २०० माणसं आहेत, टँकरमुळे पाणी बेताचं, माणशी ४० लिटर धरलं तरी ८,००० लिटर. मग २,००० लिटर शिल्लकच की! इथेच चूक होते.

ही युनिटं साधारण २५० मिलिग्रॅम प्रति लिटर बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू) धरून बांधलेली असतात. घरात माणसामागे शंभरएक लिटर सांडपाणी निघतं, त्यात दिवसाचा २७ ग्रॅम बीओडी विरघळून तेवढी तीव्रता येते. केंद्रात पाणी कमी, पण माणसाचा मैला तेवढाच. २०० माणसं गुणिले २७ ग्रॅम म्हणजे ५.४ किलो. तो ८,००० लिटरमध्ये आला की तीव्रता होते ६७५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पाटीवरच्या युनिटची ताकद मात्र १०,००० गुणिले २५० म्हणजे २.५ किलो. युनिट दुपटीहून जास्त भाराखाली आहे आणि पाण्याचा मीटर सांगतो की सगळं आलबेल आहे.

याचा अर्थ दहा हजार लिटरचं युनिट केंद्रावर ९० ते १०० माणसांनाच पुरतं. २०० असतील तर दोन युनिटं लावा, नाहीतर संडासाचं आणि अंघोळीचं पाणी वेगळं करा. आंघोळ-कपड्यांचं पाणी जाळी, तेल-साबणाचा सापळा आणि वाळूच्या थरातून काढून वेगळं सोडता येतं. मग जो मैला उरतो त्याची मात्रा दिवसाला माणशी १० ते १२ लिटर, म्हणजे एकूण दोन-अडीच हजार लिटर. त्यावर काय करायचं ते पुढे चुन्याच्या भागात आहे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यासाठी तोच भाग सगळ्यात कामाचा आहे.

पॅनल उघडण्याआधी दहा मिनिटं

आउटलेटचं पाणी बघून निदान करू नका, हवा सोडायच्या टाकीत (एरेशन टाकी) डोकवा. बुडबुडे सगळीकडे सारखे बारीक आहेत का? एका कोपऱ्यात फुटबॉलएवढे उसळत असतील तर तिथला डिफ्युझर (हवेचे बारीक बुडबुडे करणारा भाग) फाटला आहे. बुडबुडेच नसतील तर ब्लोअर फिरतोय पण हवा जात नाही. रंग तपकिरी आणि वास मातकट असेल तर जीवाणू जिवंत आहेत. काळा रंग आणि अंड्याचा वास म्हणजे प्राणवायू संपला आहे. पांढरा साबणी फेस नवीन टाकीत दिसतोच, शिवाय मदतीच्या किटमध्ये धुण्याची पावडर असतेच. त्यावर पाणी मारायचं, बाकी काही करायचं नाही. घट्ट तपकिरी साय मात्र गाळ जुना झाल्याचं लक्षण आहे.

मग गाळ, म्हणजे जीवाणूंचे पुंजके, बसवून बघा. एक लिटरची पारदर्शक पाण्याची बाटली घ्या, मान कापा, बाजूला १०० मिलिलिटरच्या दहा खुणा करा. एरेशन टाकीतलं पाणी भरा आणि ३० मिनिटं हलवू नका. गाळ २५० ते ४०० खुणेच्या दरम्यान बसला आणि वरचं पाणी नितळ असेल तर जैविक बाजू ठीक आहे, दोष पुढच्या टाकीत किंवा क्लोरिनमध्ये शोधा. १०० च्या खाली असेल तर टाकीत जीवाणूच नाहीत. ६०० च्या वर असेल तर तेच पाणी निम्म्याला निम्मं साधं पाणी घालून परत बसवा. आता गाळ निम्म्यावर आला तर तो फक्त जास्त झाला आहे, काढून टाका. तरीही वरच तरंगत राहिला तर तंतूवाले जीवाणू माजले आहेत आणि हवा कमी पडते आहे.

प्लास्टिकच्या चक्त्या असलेलं युनिट (एमबीबीआर) असेल तर बाटलीत फारसं काही दिसणार नाही, कारण तिथे जीवाणू चक्त्यांच्या आत चिकटून असतात. चार-पाच चक्त्या चाळणीने काढा. आत पातळ, बुळबुळीत, तपकिरी थर म्हणजे छान. पांढऱ्या स्वच्छ चक्त्या म्हणजे अजून काहीच वाढलेलं नाही. काळा जाड थर म्हणजे हवेची बोंब.

हवा नाही: वीज, फेज आणि पट्टा

वादळ-पावसात तारा तुटतात, मग जनरेटर, मग परत महावितरणची वीज, परत जनरेटर. तीन फेजच्या ब्लोअरसाठी हे सगळ्यात घातक आहे. बदलाबदलीत दोन फेज उलटे जोडले गेले की मोटर उलटी फिरते. ब्लोअरचा आवाज नेहमीसारखाच येतो, पॅनलवरचा दिवा हिरवा असतो, आणि ब्लोअर हवा सोडण्याऐवजी ओढतो. टाकीतलं पाणी हवेच्या नळीतून वर चढतं. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह चोंदलेला असेल तर ते थेट ब्लोअरमध्ये जातं आणि मग मात्र तो खरंच निकामी होतो.

उपाय साधे आहेत. पॅनलमध्ये फेज सिक्वेन्स ओळखणारा रिले बसवा. जनरेटरवर गेल्यावर दरवेळी मोटरवरचा बाण आणि पट्ट्याची दिशा जुळते का बघा. हवेची मुख्य नळी पाण्याच्या पातळीच्या वर निदान अर्धा मीटर कमान देऊन मग खाली उतरवा. पट्टा ओला होऊन घसरत असेल तर आवाजात किरकिर येते आणि हवा निम्म्यावर येते. बोटाने दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटिमीटर आत जावा, त्याहून जास्त नको. हे तपासताना पॅनलचा मुख्य स्विच खाली पाहिजे. ओल्या जागेत चालणाऱ्या या युनिटला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

ब्लोअर किती वेळ बंद राहिला तर चालतं? जोरदार भार असलेल्या टाकीत काही मिनिटांतच प्राणवायू शून्यावर आणि दोन-तीन तासांत वास सुरू. दिवसभर बंद राहिला तर अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू मार खातात आणि परत सावरायला आठवडा घेतात. म्हणून डिझेल वाचवायचं असेल तर ब्लोअर पूर्ण बंद ठेवू नका; अर्धा तास चालू, अर्धा तास बंद असा टायमर लावा. शक्य असेल तर ब्लोअर चालू असताना विरघळलेला प्राणवायू मोजा. दोन मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली जाऊ देऊ नका, चक्त्यांच्या युनिटला तीन लागतो.

पाऊस आत येतोय

कोकणात जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणं ही बातमी नाही. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर असेल तर तेवढ्या पावसात त्यावरून २०,००० लिटर पाणी उतरतं. पन्हळीचा पाइप संडासाच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल, आणि जुन्या शाळांत तो बऱ्याचदा असतो, तर दहा हजार लिटरच्या युनिटमध्ये दोन दिवसांचं पाणी एका पावसात घुसतं. मोकळ्या गाळाचं (जीवाणू पाण्यातच तरंगत असलेलं) युनिट असेल तर जमलेला सगळा गाळ आउटलेटमधून धुऊन जातो. बाहेर तपकिरी पाणी दिसतं, दुसऱ्या दिवशी बाटलीत गाळ ५० खुणेवर, आणि परत पहिल्यापासून सुरुवात. चक्त्यांचं युनिट अशा वेळी जास्त तग धरतं. कोकणासाठी युनिट निवडायचं स्वातंत्र्य असेल तर तेच निवडावं.

चेंबरच्या झाकणांवर पाणी साचतं का हे भर पावसात, छत्री घेऊन बघा, उन्हात काही कळत नाही. पन्हळींचे पाइप आधी तोडून अंगणात वळवा. झाकणांच्या कडा ओल्या मातीने किंवा सिमेंटने बुजवा. आणि युनिटच्या आधी किमान अर्ध्या दिवसाचं पाणी मावेल अशी संकलन टाकी ठेवा, तिच्यातून पंपाने सारख्या वेगाने पाणी पुढे ढकला. फ्लोट स्विच खाली-वर फार अंतरावर लावला तर पंप एकदम मोठा झोत मारतो, म्हणून वरच्या आणि खालच्या पातळीत वीतभर अंतर पुरे.

पावसाबरोबर तांबडी माती येते, आणि पुराच्या मातीत वाळूही असते. सहा ते दहा मिलिमीटर अंतराची जाळी आणि तिच्यामागे माती बसायला एक साधा हौद नसेल तर ती सगळी माती एरेशन टाकीच्या तळाशी बसते आणि डिफ्युझर बुजवते. जाळी दिवसातून तीन वेळा साफ करावी लागते. गुटख्याच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, सॅनिटरी पॅड तिथेच अडतात. पॅडसाठी संडासात झाकणाची वेगळी बादली ठेवली तर कटर पंप अडकण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

अजून एक कोकणी दुखणं म्हणजे जमीन बसणं. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. युनिट नुकत्याच भरलेल्या मातीवर ठेवलं आणि आठवडाभर पाऊस झाला की एक कोपरा खचतो. गाळ बसवायच्या टाकीच्या कडेवरून पाणी चारही बाजूंनी सारखं सांडायला हवं, ते एकाच बाजूने धावायला लागतं आणि गाळ घेऊन जातं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी दोन कोपऱ्यांना लावून बघा. एक सेंटिमीटरचा फरकसुद्धा पुष्कळ झाला. जागा निवडतानाच कातळ किंवा चिऱ्यांचा चौथरा बघावा. रिकामं युनिट पुराच्या पाण्यात तरंगतं हेही ध्यानात ठेवा. वीस फुटी बंद कंटेनर मीटरभर पाण्यात बुडाला तर त्याला वर ढकलणारा जोर चौदा टनांच्या पुढे जातो. पुन्हा पाणी चढायची शक्यता असेल तर टाक्या भरून ठेवा आणि साखळ्यांनी बांधा.

उधाण

खाडीकाठच्या गावात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दोष वाढत असेल तर भरतीचं वेळापत्रक काढून युनिटच्या रोजच्या नोंदींशी जुळवा. आउटलेट पऱ्यात किंवा खाडीच्या नाल्यात खाली उतरवलेला असतो, उधाणाला पाणी उलटं चढतं. आउटलेटवर बाहेरच्या बाजूलाच उघडणारी झडप (फ्लॅप व्हॉल्व्ह) लावा आणि तोंड भरतीच्या रेषेच्या वर आणा. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) इथे फार उपयोगी पडतो. रोज सात-आठशे दाखवणारं सांडपाणी एका भरतीनंतर चार-पाच हजार दाखवायला लागलं तर खारं पाणी आत आलं आहे. थोडं खारट पाणी रोज सारखं येत असेल तर जीवाणू सवय करून घेतात. त्यांना मारतो तो अचानक बदल.

फिनेल, ॲसिड आणि टीसीएल

पुरानंतर आरोग्य विभाग आणि मंडळांची पोरं मनापासून सफाई करतात, आणि सफाई म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि फिनेल. ते सगळं संडासातून युनिटमध्ये येतं. टीसीएलला चांगला आणि वाईट जंतू यातला फरक कळत नाही, ते सगळ्यांनाच मारतं. एरेशन टाकीत पाणी अचानक दुधाळ झालं, गाळ बसेना, हवा भरपूर असूनही वास यायला लागला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: सकाळी संडासात काय ओतलं?

नियम एवढाच: टीसीएल यंत्राच्या शेवटी, सुरुवातीला कधीच नाही. संडास साध्या साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासायचे. कडक डाग असतील तर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर चालतं. संडासाच्या दारावर मराठीत मोठी पाटी लावा. सफाईसाठी येणारं पथक रोज बदलतं, म्हणून सांगून भागत नाही.

जीवाणू आणायचे कुठून

एमबीबीआरच्या चक्त्यांवर कामाचा थर जमायला तीन ते चार आठवडे लागतात. तोवर केंद्र उठलेलं असतं. म्हणून बाजारातल्या कल्चरच्या पिशव्यांपेक्षा चालू एसटीपीचा परतीचा गाळ (रिटर्न स्लज) कितीतरी पटींनी चांगला. जवळच्या शहरातलं नगरपरिषदेचं केंद्र, मोठं हॉटेल, औद्योगिक वसाहतीतली वसाहतीपुरती एसटीपी. मैल्याची असावी, रसायनांची नको.

हिशेब असा: एरेशन टाकी ४,००० लिटरची असेल तर त्यात ३,००० लिटर सांडपाणी आणि ८,००० मिलिग्रॅम प्रति लिटर घट्टपणाचा १,००० लिटर गाळ घाला. टाकीत साधारण २,००० मिलिग्रॅम प्रति लिटर जिवंत गाळ होतो, सुरुवातीला तेवढा पुरे. हा गाळ टेम्पोत टाकीत भरून आणताना झाकण सैल ठेवा आणि चार तासांच्या आत हवा सुरू करा, घाटात अडकलात तर तो वाटेतच कुजतो. पहिल्या दिवशी युनिटला क्षमतेच्या चौथ्या भागाएवढंच पाणी द्या, मग रोज थोडं वाढवा. चार-पाच दिवसांत ते पूर्ण भार घेतं.

शेण घालावं का, असा प्रश्न हमखास येतो. हवेच्या टाकीत घालू नका. शेणातले जीवाणू बहुतेक हवेविना जगणारे, आणि शेणाचा चोथा डिफ्युझर बुजवतो. शेणकाला हवाबंद बायोडायजेस्टरला चालतो. तिथेही त्याने कामाला लागायला आठवडे घेतले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पहिले दहा दिवस: चुना

जैविक युनिट तयार होईपर्यंत मैला कुठेतरी सुरक्षित करायला हवा, आणि त्यासाठी चुन्यासारखं साधं काही नाही. पुरेसा चुना घातला की पीएच (पाणी आम्ल की क्षारीय हे दाखवणारा आकडा) १२ च्या वर जातो, आणि अशा पाण्यात जुलाबाचे जंतू तासाभरात मरायला लागतात. वीज लागत नाही, वादळात बंद पडत नाही.

संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत जमवा. विझवलेल्या चुन्याची भुकटी घ्या, कळीचा चुना नको, तो पाण्यात उकळतो आणि डोळे-हात भाजतो. मात्रा दर लिटरला १० ते १७ ग्रॅम. आपल्या २०० माणसांच्या अडीच हजार लिटर मैल्याला २५ ते ४२ किलो. आधी चुन्याचं पातळ दूध करा, मग टाकीत ओतून लांब लाकडी दांड्याने किंवा पंपाने फिरवून पाच-दहा मिनिटं चांगलं मिसळा. नुसती भुकटी वर पसरली तर वर पांढरी साय आणि खाली जसाच्या तसा मैला राहतो. ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

मग १ ते १४ पर्यंत मोजणाऱ्या पट्टीने पीएच बघा. १२ किंवा जास्त हवा, आणि दोन तासांनी परत मोजल्यावरही १२ च हवा. खाली आला तर आणखी चुना. दोन तास टिकल्यावर टाकी चोवीस तास झाकून ठेवा, गाळ खाली बसतो. वरचं पाणी पीएच ९ च्या खाली येईपर्यंत कुठेही सोडायचं नाही, आणि हे पाणी जैविक युनिटमध्ये तर चुकूनही नाही. चुन्याने जंताची अंडी लवकर मरत नाहीत, म्हणून खालचा गाळ शेतात किंवा माडाच्या आळ्यात घालू नका.

काम उघड्यावर करा, कारण पीएच चढला की अमोनिया वायू सुटतो. हातमोजे, चष्मा, गमबूट पाहिजेतच. आणि चुना कोकणात लवकर मरतो: पोतं उघडं राहिलं की दमट हवेत त्याचा खडू होतो. ‘मात्रा पूर्ण घातली तरी पीएच अकराच्या वर जात नाही’ अशी तक्रार असेल तर पोतं जुनं आहे. प्लास्टिकच्या झाकणाच्या पिंपात साठवा.

सोडायची जागा विहिरीपासून ३० मीटर लांब असावी असा नियम जगभर सांगतात. जांभ्याच्या जमिनीत त्यावर विसंबू नका. जांभा भोकांनी भरलेला असतो, पावसाळ्यात वर सोडलेलं पाणी त्या भोकांतून विहिरीत सरळ पोचू शकतं. विहिरीच्या खालच्या, उताराकडच्या बाजूलाच सोडा आणि जमेल तितकं लांब.

आउटलेटचं क्लोरिन आणि फसवी ओटी

शुद्ध झालेल्या पाण्याला शेवटी क्लोरिन देताना १०,००० लिटरला दहा मिलिग्रॅम प्रति लिटर धरलं तर १०० ग्रॅम क्लोरिन लागतं. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्के असतं, म्हणून ३०० ग्रॅम. पण ग्रामपंचायतीच्या कपाटात दोन पावसाळे काढलेल्या टीसीएलमध्ये २० टक्के उरलं असेल तर ५०० ग्रॅम लागतील. अर्धा तास थांबवून मग सोडा.

इथे एक फसवणूक आहे. केंद्रातल्या सांडपाण्यात लघवीमुळे अमोनिया भरपूर असतो. क्लोरिन आधी अमोनियाशी जुळतं आणि कमजोर संयुग बनवतं. विहिरीच्या पाण्यातलं क्लोरिन बघायला वापरतात ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी त्या संयुगालाही पिवळा रंग दाखवते. रंग आला म्हणून पाणी निर्जंतुक झालं असं समजू नका. डीपीडी चाचणीत मोकळं आणि जुळलेलं क्लोरिन वेगळं मोजता येतं. शिवाय गढूळ पाण्यात क्लोरिन वाया जातं. आधी गाळ थांबवा, मग टीसीएल.

दोन-तीन आठवड्यांनी दिसणारे दोष

केंद्र लांबलं, जीवाणू नीट वाढले, आणि आता वेगळीच लक्षणं दिसतात. एक म्हणजे पीएच हळूहळू ६ कडे घसरतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू दर ग्रॅम नायट्रोजनला सात ग्रॅमच्या वर क्षारता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) खातात. जांभ्याच्या विहिरीचं पाणी मुळातच मऊ आणि किंचित आम्ल असतं, त्यात ही भरपाई करायला काही नसतं. देशावर हा दोष क्वचित दिसतो, कोकणात हमखास. खाण्याचा सोडा घाला: १०,००० लिटरची क्षारता १०० मिलिग्रॅम प्रति लिटरने वाढवायला १.७ किलो. एकदम नको, दिवसात चार वेळा विभागून, पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत.

दुसरं म्हणजे गाळ बसवायच्या टाकीत गाळाचे गोळे बुडबुड्यांसह वर येणं. वास नसतो, पाणी स्वच्छ असतं. गाळ तळाशी जास्त वेळ पडून राहिल्याने नायट्रोजन वायू सुटतो आणि गाळाला वर उचलतो. परतीच्या पंपाचा वेग वाढवा, गाळ वेळेवर काढा. यासाठी ब्लोअर खोलायची गरज नाही.

टाकीत उतरायचं नाही

डिफ्युझर साफ करायला, पडलेला पंप काढायला, कशासाठीही माणूस टाकीत उतरवायचा नाही. कुजलेल्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो, म्हणून ‘आता वास गेला’ ही धोक्याची खूण आहे. सुरक्षा साधनांशिवाय गटारं-मैलाटाक्यांत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. डिफ्युझर वर उचलता येतील अशा जोडणीचे घ्या आणि पंप साखळीला बांधा. काम करणाऱ्यांना पायाला जखम असेल तर चिखलात पाठवू नका. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) कोकणात असतोच, प्रतिबंधक गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

युनिट उठवताना

केंद्र बंद झालं की युनिट रिकामं करून डेपोत पाठवायची घाई होते आणि चक्त्या उन्हात वाळत टाकल्या जातात. तीन आठवड्यांत जमलेला थर तिथेच मरतो. पुढच्या केंद्राला जायचं असेल तर चक्त्या त्याच पाण्यात ओल्या ठेवा, वाटेत शक्य तेवढा वेळ छोटा एअर पंप लावा, आणि तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी निम्मा भार द्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद करूनच ठेवायचं असेल तर मात्र गाळ पूर्ण काढून चुना लावा, टाक्या धुऊन कोरड्या करा, ब्लोअरचं तेल बदला, पट्टा सैल करून ठेवा आणि पॅनलमध्ये सिलिकाची पिशवी टाका. दमट हवेत कॉन्टॅक्टर गंजले तर जून उजाडल्यावर पहिल्या पावसातच पॅनल चालू होणार नाही.